दोन्ही फळ्यांची कड

अंबडच्या शेडमध्ये सकाळी साडेसातला
पत्र्याचं दव मशीनच्या झाकणावर टपकत असतं.
मी आधी ते पुसते. मग स्विच.
गॅन्ट्री थंडीनं जरा कण्हते,
कोपऱ्यात जाऊन आपलं शून्य शोधते,
आणि वाट बघते.

बुधवारी ऐन आला, हरसूलकडचा.
आठ-आठ फुटी दोन फळ्या, सव्वा इंच जाड,
एका वाचनालयाच्या मेजासाठी.
ऐन म्हणजे हट्टी. खिळा वाकवतो,
आणि वाळताना मनात येईल तिकडे वळतो.
एकीच्या पोटात बाक,
दुसरीला शेवटच्या हातभरात
एकदम काहीतरी आठवलेलं.
एकेक फळी मी कडेवर घेऊन आणली.
तेरा किलो, माझ्या भाच्याएवढी.

रऊफ मिस्त्रींनी एक डोळा मिटून पाहिलं.
"इथं तीन सूत. तिथं साडेतीन."
मी टेप लावली: साडेतीन.
त्यांना सूत डोळ्यात दिसतं.
मला आयटीआयत शिकवलंय,
सूत म्हणजे तीन पॉइंट एक सात पाच मिलीमीटर.

मग मी कडा मारल्या, एकेका फळीची वेगवेगळी.
स्क्रीनवर हिरवी रेघ, सुतासारखी सरळ.
कड कड लावून दोघी उभ्या धरल्या,
मागे मिस्त्रींनी बल्ब धरला.
मधोमध उजेड.
केसाएवढाच. पण हातभर लांब.

"कोड बरोबर आहे," मी म्हणाले.
"उजेड पण बरोबर आहे," ते म्हणाले.

मला राग आला. खरं सांगायचं तर
रऊफ मिस्त्रींचा नाही, बल्बचा.
रात्री सगळे गेल्यावर रुळाशेजारी तार ताणली
आणि फीलर गेज सरकवत गेले.
मध्यावर बाक. पाव मिलीमीटरही नाही.
मशीनला त्याचा पत्ताच नाही.
ती वाकडी जाते
आणि सरळ गेल्याची नोंद ठेवते.
दोन्ही फळ्या तिच्याच वाटेनं गेल्या,
आणि समोरासमोर आल्यावर
तिची चूक दुप्पट झाली.

गुरुवार, शुक्रवार आम्ही कामापुरतं बोललो.
चहा आला की ते गेटकडं तोंड करून बसायचे,
समोर पांडवलेणीचा डोंगर, धुक्यात अर्धा.

शनिवारी स्वतःच उठून आले.
"प्रज्ञा, दोघींना एकदम घाल.
मधे फट ठेव, बिटापेक्षा कमी.
आम्ही रंध्याखाली फळ्या जोडीनंच धरायचो.
हात काय, सगळ्यांचाच तिरका जातो."

दहाची फट, बाराचं बिट.
आठ ठिकाणी क्लॅम्प आवळले.
स्पिंडल चढत गेला अठरा हजारांवर,
आणि ऐनाचा तो वास सुटला, तुरट,
भुसा तपकिरीसारखा माझ्या बाह्यांवर.
बिट दोघींच्या मधून गेलं,
नेहमीसारखंच, मध्यावर केसभर ढळत.
एकीचं जिथं जास्त घेतलं
तिथंच दुसरीचं कमी.
एकीला पोट आलं
तिथं दुसरीला पोकळी.
भांडणात कुणाची तरी एकाची कड घ्यावी लागते
असं मला वाटायचं.

बल्ब धरला.
मिस्त्रींनी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला,
परत आणला.
मी खाली वाकून बघत होते,
मान अवघडली तरी.
काही दिसलं नाही.
पलीकडे त्यांचं नाक लाल झालं असेल उजेडानं,
तेही दिसलं नाही.

सरस लावला, शिकंजे आवळले.
कडेनं बारीक मणी फुटले, सगळीकडं सारखे.
मिस्त्रींनी एक बोटानं पुसला, पँटला लावला
आणि म्हणाले, "चहा सांग."

मालक दातीर म्हणतात, रूळ बदलू,
पार्ट राजकोटहून यायला पंधरा दिवस.
तोवर रात्रपाळीच्या पोराला कळावं म्हणून
मशीनच्या अंगावर मी खडूनं लिहिलंय:
मध्यात बाक आहे.
जोडीनं काप.